रिंगो स्टार खरंच कच्चा ड्रमर होता का? धुमालवाले, भजनवाले, रॉकवाले सगळे या

पॅडवाला_दारव्हा

राजेहो, धागा काढाचं कारण एकच. आमच्या धुमालमधला, म्हंजे वरातीपुढं वाजवनाऱ्या पार्टीतला, नवा पॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रमवाला) पोरगा अन् मी, आमचं दोघाईचं जमून नाई रायलं. त्याचं म्हणणं असं का इंग्लंडच्या बीटल्स बँडचा रिंगो स्टार म्हणजे जगातला सगळ्यात नशीबवान माणूस, वाजवता काही येत नोयतं, तीन हुशार पोरं भेटले अन् हा मागं बसून फेमस झाला. मी म्हनतो नाई.

आता ऐका. रिंगो ऑगस्ट १९६२ मध्ये बीटल्समध्ये आला तवा २२ वर्षाचा होता अन् त्याच्या आधी रोरी स्टॉर्मच्या पार्टीत वाजवत होता. लिव्हरपूलमध्ये तवा त्या पार्टीचंही चांगलं नाव होतं, म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेला पोरगा नोयता तो. दुसरी गोष्ट, मानूस डावखुरा पण सेट उजव्या हातवाल्यासारखा लावते. आपण रोल मारतो तवा स्नेअर ड्रमवरून बाजूच्या टॉम ड्रमवर उजवा हात पुढं नेतो. त्याचा डावा हात आधी निघते, मंग हातात हात अडकू नाई म्हणून तो मधात थोडी जागा सोडते, अन् त्याच्यानंच त्याचे रोल असे अडखळत अडखळत पण बरोबर समेवर येऊन पडतेत. हे मी पॅडवर करून पाह्यलं, नाई जमत बाप्पा. 'कम टुगेदर'ची सुरुवात कानाला हेडफोन लावून ऐका मंग बोला.

माझं मोजमाप साधं हाय, गाण्यातून ड्रम काढून टाका अन् गाणं उभं रायते का पडते ते पाहा. तुम्ही सांगा आता. शिव्या देऊ नका, पोरगा हा धागा वाचते.

कडक_मेटल_अकोट

पोरगा एकदम बरोबर बोलून रायला भाऊ. ड्रमर म्हणजे जॉन बोनहॅम, विषय संपला. लेड झेपलिनचा पहिलाच अल्बम १९६९ चा, त्यातलं पहिलंच गाणं 'गुड टाइम्स बॅड टाइम्स', त्यात बास ड्रमवर जे तीन-तीन ठोके पडतेत ना ते एका पायानं, एकाच पेडलवर. लोकाईले वाटे डबल पेडल असन. अन् १९७१ चं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', एका जुन्या हवेलीत जिन्याखाली ड्रम मांडला, वरच्या मजल्यावरून दोन माइक खाली सोडले, बस. आजपन तो आवाज कोणाले काढता येत नाई.

अन् कीथ मून विसरले का, द हूवाला? १९६७ ले अमेरिकेच्या टीव्हीवर ड्रममधी बारूद भरून उडवला त्यानं, गिटारवाल्याचे केस जयले. तुमच्या रिंगोनं काय केलं, मान हालवली.

अजून एक सांगतो. बोनहॅम २५ सप्टेंबर १९८० ले गेला, ३२ वर्षाचा होता, अन् डिसेंबरमधी बाकीच्या तिघाईनं सांगून टाकलं का आता आम्ही बंद. दुसरा ड्रमर आणलाच नाई. ह्याले म्हनतेत ड्रमर.

तुरीचं_वावर

तूर सोंगाची टाकून मी हे वाचून रायलो, घरचे शिव्या देऊन रायले. चालू द्या.

पुसदकर_पुण्यात

नमस्कार मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय. काही गोष्टी जरा नीट मांडू का, कारण रिंगोवर जे आरोप होतात त्यातले अर्धे ऐकीव आहेत.

ते प्रसिद्ध वाक्य आहे ना, 'रिंगो तर बीटल्समधलासुद्धा बेस्ट ड्रमर नव्हता', ते बीटल्सच्याच जॉन लेननच्या नावावर खपवलं जातं. लेनन असं कधी बोलला नाही, तो नंतरच्या ब्रिटिश कॉमेडीवाल्यांचा विनोद आहे आणि लोक त्याला पुरावा म्हणून वापरतात. पण दुसरी गोष्ट मात्र खरी आहे आणि ती रिंगोच्या बाजूवाल्यांना आवडत नाही. सप्टेंबर १९६२ मध्ये 'लव्ह मी डू' रेकॉर्ड करताना ४ तारखेला रिंगोनं वाजवलं, ते काही पसंत पडलं नाही, ११ तारखेला स्टुडिओनं अँडी व्हाइट नावाचा रोजंदारीचा ड्रमर बोलावून ठेवला आणि रिंगोच्या हातात खंजिरीसारखं टँबोरिन दिलं. नवीन नोकरी, महिनाही झालेला नाही आणि तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस, विचार करा काय झालं असेल. सिंगल निघाली त्यावर आधी रिंगोचंच वाजवणं होतं, अल्बमवर मात्र व्हाइटचं. त्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली आणि तो घरी गेला.

तर त्यानंतर काय झालं ते महत्त्वाचं. पुढच्या आठ वर्षांत रिंगोला बाहेर काढायची वेळ जवळजवळ आलीच नाही. टेक फसले ते गायकाचे शब्द चुकले म्हणून, गिटार चुकली म्हणून, ड्रममुळे फार क्वचित. 'रेन' ऐका, 'अ डे इन द लाइफ' ऐका, तिथे तो ठेका धरत नाही तर गायकाला उत्तर देतो. आणि पूर्ण बीटल्समध्ये त्याचा सोलो एकच, 'अॅबी रोड'च्या शेवटी, तोही त्याला आग्रह करून वाजवायला लावलेला. ज्याला सोलोचा कंटाळा येतो असा ड्रमर मला तरी विश्वासाचा वाटतो, ज्याला जे वाटायचं ते वाटो.

मूनबद्दल बोलायचं तर भारीच होता, पण द हूमधून मून काढून त्याला दुसऱ्या कुठल्याही बँडमध्ये बसवा, तो बँड आठवड्यात भांडून मोडेल.

पॅडवाला_दारव्हा

@पुसदकर हेच, हेच मले सांगाचं होतं पन मले असं मांडता नाई येत. तिफनवाला सरळ चालला तरच तास सरळ निंघते, मागून बी टाकनाऱ्या बायका कितीबी हुशार असू द्या. बोनहॅमनं तिफन जोरात हानली, मान्य, पन सरळ रिंगोचीच.

वरोऱ्याची_लेक

भाऊ लोकांनो, पूर्ण धाग्यात एकाही बाईचं नाव नाही, तेव्हा मी लिहितेच.

१९६४ चं साल घ्या. बीटल्सचा बोलबाला चालू असताना हनीकोम्ब्स नावाचा एक बँड इंग्लंडात एक नंबरला गेला, 'हॅव आय द राइट' या गाण्यानं, आणि त्याची ड्रमर होती हनी लँट्री, आधी केशकर्तनाचं काम करणारी पोरगी. लोक काय म्हणाले असतील सांगायची गरज आहे का? की ही फक्त दिखाव्याला बसवली आहे, वाजवणारा पडद्यामागं वेगळाच आहे. रिंगोला जे एकदा ऐकावं लागलं ते हिला रोज. आणि गंमत म्हणजे त्या गाण्यात जो धाड धाड आवाज येतो तो वाढवायला सगळ्यांनी लाकडी जिन्यावर पाय आपटले होते. @कडक_मेटल, जिना तुमच्या बोनहॅमच्या आधी सात वर्षं वाजून झालेला आहे.

दुसरी कॅरेन कारपेंटर. तुम्ही तिला हळू गाणी गाणारी म्हणून ओळखता, पण ती मुळात ड्रमर, शाळेच्या बँडपासून. गळा इतका सुरेख निघाला की तिला ड्रमच्या मागून उठवून पुढं माइकसमोर उभं केलं, कारण प्रेक्षकाला चेहरा दिसला पाहिजे म्हणे. रेकॉर्डवरही बऱ्याच गाण्यांत ड्रम हॅल ब्लेनचे आहेत. १९७५ ला एका मासिकाच्या वाचकांनी तिला वर्षातली सर्वोत्तम ड्रमर निवडलं तर बोनहॅमवाले चिडले होते. १९८३ ला ती गेली, तीही ३२ ची. मला नेहमी वाटतं, तिला तिच्या स्टुलावर बसू दिलं असतं तर... असो, ते काही सिद्ध करता येत नाही.

आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात बायका खंजिरी वाजवतात, रात्र रात्र. माझी आत्या वाजवायची, अंगठ्याजवळ घट्टा पडलेला होता. तिला कोणी 'वादक' म्हटलेलं मी ऐकलं नाही. 'भजनाला येते' असं म्हणायचे.

कडक_मेटल_अकोट

ताई जिन्याचं माहीत नोयतं, भारी हाय. पन बोनहॅम तो बोनहॅमच.

रेडिओ_काका_वाशीम

वाचतो आहे दोन दिवसांपासून. मंडळी, आपण लिव्हरपूलला जाऊन आलात, अमेरिकेला जाऊन आलात, मुंबईला केव्हा थांबणार?

आमच्या तरुणपणी रेडिओवर उद्घोषक गायकाचं नाव सांगे, संगीतकाराचं सांगे, गीतकाराचं सांगे. वाजवणाऱ्याचं नाही. शंकर-जयकिशनचे सहायक दत्ताराम, त्यांच्या ढोलकच्या चालीला वादक लोक 'दत्ताराम ठेका' म्हणत, आजही म्हणतात. आम्ही मात्र वर्षानुवर्षं ती गाणी ऐकली आणि हे नाव फार उशिरा कळलं. लॉर्ड घराणं घ्या, वडील कावस लॉर्ड, मुलगे केर्सी आणि बुजी, बोंगोपासून ड्रमपर्यंत हिंदी सिनेमातल्या किती गाण्यांत या तिघांचा हात आहे. पंचमदांकडे मारुतीराव कीर तबल्यावर, फ्रँको वाझ ड्रमवर. 'तीसरी मंजिल', १९६६, त्यात शम्मी कपूर हॉटेलातला ड्रमर आहे! खरे ड्रम लेस्ली गोदिन्होंचे. थिएटरात शिट्ट्या कोणाला पडल्या सांगा. शम्मीनं काड्या हवेत फिरवल्या आणि गावातल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी तेलाचे पिपे बडवले, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे.

बीटल्सचंच म्हणाल तर पीट बेस्ट, ज्याला काढून रिंगोला घेतलं, तो आपल्या मद्रासचा जन्मलेला, १९४१ चा. क्लिफ रिचर्ड लखनौचा. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथंच पोरांचा पहिला बँड केला. इंग्रजी पॉपचे धागे इकडे बरेच अडकलेले आहेत.

आणि तबल्याचे उस्ताद अल्लारखांना विसरून ताल-वाद्याचा धागा चालवणं बरं नाही. अमेरिकेतला बडी रिच, ज्याच्यापुढे भले भले ड्रमर काड्या खाली ठेवत, त्यानं १९६८ ला अल्लारखांबरोबर रेकॉर्ड केली. पुढं त्यांचे चिरंजीव झाकीरभाईंनी फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेले. त्या दिवशी मी रेडिओ लावलाच नाही.

तुरीचं_वावर

काकाजी तेलाच्या पिप्यात तुमीबी होते का?

रेडिओ_काका_वाशीम

होतो ना.

झाडीचा_पोरगा

मी वडसा भागातला, झाडीपट्टीच्या नाटकात चार-पाच सीझनपासून पॅड वाजवतो. रिंगोबद्दल एक गोष्ट वाचली होती ती सांगतो कारण ती आमच्या धंद्याची हाये.

१५ ऑगस्ट १९६५ ले न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सचा प्रोग्राम, ५५ हजारांच्या वर पब्लिक. आता सारखे मॉनिटर नोयते तवा, ड्रमरच्या कानाजवळ काहीच येत नोयतं, पोरी अशा किंचाळून राहिल्या का गिटारबी ऐकू येत नाई आन् गाणंबी नाई. रिंगो म्हणतो का मी समोरच्या तिघांचे कंबर कसे हलतात, पाय कसा पडते ते मागून पाहून ओळखो का गाणं कुठं पोचलं. आन् तसंच पूर्ण वाजवलं. आता मले सांगा, ज्याले वाजवता येत नाई तो असं करू शकते का?

आमचं तेच हाये. रातच्या दहाले नाटक सुरू होते ते पहाटेपर्यंत, आम्ही स्टेजच्या खाली समोर बसतो, ऑर्गन, तबला, पॅड. थंडी इतकी का बोटं वळत नाईत, पॅडखाली शेकोटीचा निखारा ठेवाव वाटते. भोंगा पब्लिककडे तोंड करून असते, आपल्याले आपलाच आवाज उलटा येते. व्हिलननं थोबाडीत मारली का त्याच टायमाले ठोका पडला पायजे, जरा उशीर झाला का पब्लिक हासते आन् सीन गेला. मंग आम्ही काय पाहतो? हात नाई पाहत. खांदा पाहतो. मारणाऱ्याचा खांदा आधी हलते. हे मले कोणी शिकवलं नाई, आमच्या जुन्या तबल्यावाल्या मामाचं पाहून पाहून आलं. सोलोगिलो कोणी विचारत नाई. पब्लिक लावणीवालीले नोटा देते, आमच्याकडं पाहतबी नाई, पण ठोका चुकला तर तिसऱ्या गावापर्यंत बातमी जाते.

पॅडवाला_दारव्हा

खांद्याचं एकदम खरं भाऊ!! आमच्या इकडं वरातीत नवरदेवाच्या काक्याचा खांदा पाहाव लागते, तो वाकला का नागीन चालू कराची.

मानोऱ्याचा_ताशा

सगळे छान लिहून राहिले. एक कडू गोष्ट लिहितो, चालेल का.

आमच्या घरात आजोबापर्यंत डफडं होतं. पोळ्याला, वरातीला, मयतीला, सगळीकडं. पोळ्याच्या दिवशी हमखास पाणी, कातडं ढिलं पडायचं, मग कुटार पेटवून त्याच्यावर डफडं शेकायचं, फिरवत फिरवत, जास्त झालं तर तडकते, कमी झालं तर आवाज बसका. आजोबा अंगठ्यानं टिचकी मारायचे, कान लावायचे, परत शेकायचे. पूर्ण गावाचे बैल त्या आवाजावर चालायचे अन् वरात त्याच्याशिवाय निघायची नाही. अन् जेवायला? पंगत उठल्यावर, मांडवाच्या बाहेर, बाजूला. बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हटल्यावर शेजारच्या वस्तीनं वाजवणं सोडलं, बरोबरच केलं. आमच्या आजोबांनी नाही सोडलं, पोट होतं त्याच्यावर. बापानं सोडलं. मी शिक्षक आहे, अन् आता मला हौस म्हणून ताशा वाजवावा वाटतो तर घरात दोन दोन दिवस कोणी बोलत नाही.

तर मोठा ड्रमर कोण याचं उत्तर मला असं रिंगो-बोनहॅममध्ये सापडत नाही. तिकडंही हेच आहे. अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, 'फंकी ड्रमर' नावाचं गाणं, १९६९ ला रेकॉर्ड झालं. त्यात मधात काही सेकंद नुसता ड्रम आहे. तेवढा तुकडा कापून पुढं हजारावर गाण्यांत लोकांनी वापरला, रॅपवाल्यांनी, पॉपवाल्यांनी. त्याच्या नावावर ना गाणं ना हक्क. जगात सगळ्यात जास्त ऐकलेल्या ड्रमरपैकी एक असेल तो अन् रस्त्यानं चालला तर कोणी ओळखत नसे.

उलट डेव्ह क्लार्क पाहा. त्याच्या हातात बोनहॅमच्या चार आणेही नव्हते, पण पट्ठ्यानं ड्रम स्टेजच्या मागून पुढं आणला, बँडला स्वतःचं नाव दिलं अन् रेकॉर्डिंगचे हक्क स्वतःजवळ ठेवले. जानेवारी १९६४ ला 'ग्लॅड ऑल ओव्हर'नं बीटल्सला एक नंबरवरून खाली ओढलं. त्याच्या रेकॉर्डवर दुसराच माणूस वाजवतो असं लोक म्हणत राहिले, म्हणो. कागद त्याच्याकडं होते.

वरोऱ्याची_लेक

दादा, कडू नाही, हेच लिहायला पाहिजे होतं. आजोबांचं कोणी रेकॉर्ड केलेलं आहे का काही?

मानोऱ्याचा_ताशा

नाही ताई. एका लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये असतील म्हणतात, ती बुरशी लागून गेली.

तुरीचं_वावर

आता सिरीयस झालं तं मीबी एक सांगतो. आपल्या अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज, सात खंजिऱ्या एका वेळी. मी लहान होतो तवा मैदानात पाह्यले, सात खंजिऱ्या मांडून बसले अन् हात कुठून कुठं चालले ते समजेच नाई. @कडक_मेटल तुमच्या मूनले दाखवाले पायजे होतं. पन खरी गंमत अशी का पाच मिनिटं असं वाजवून लोकाईले गप्प बसवलं, मंग खंजिरी हळू केली अन् हुंडा, दारू, अंधश्रद्धा यावर बोलाले लागले. त्यानंतर वाजवणं फक्त बोलण्याच्या मागं मागं. तुकडोजी महाराजाची खंजिरी एकच होती अन् तिच्यावर आख्खा विदर्भ जागा राहे. म्हणून माझं असं मत हाय का सात असो का एक, हळू कवा कराचं हे ज्याले समजते तो मोठा.

कडक_मेटल_अकोट

सत्यपाल महाराज आमच्या इकडचेच, त्यांच्याबद्दल वाद नाई.

पुसदकर_पुण्यात

एक बाजू राहिलीच, लहान वयात स्टार होणं. रिंगोच्या नशिबाला सगळे हसतात पण त्याचं लहानपण कोणी बघत नाही. सहाव्या वर्षी अपेंडिक्स फुटून वर्षभर दवाखान्यात, तेराव्या वर्षी छातीचा आजार, परत दोन वर्षं. शाळा संपलीच. दवाखान्यातल्या पोरांना गुंतवायला एक बँड केला होता, तिथं त्यानं पलंगाजवळच्या कपाटावर सुताच्या रिळांनी ठोकायला सुरुवात केली. म्हणजे ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेत ७ कोटी ३० लाख लोकांनी टीव्हीवर त्याला पाहिलं तेव्हा तो २३ चा होता आणि त्याआधी दहा वर्षं वाजवत होता. हे 'लवकर मिळालेलं' नाही.

खरं लवकर मिळालेलं बघायचं तर फ्रँकी लायमन, १३ व्या वर्षी १९५६ ला 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' गाऊन जगभर नाव, आवाज फुटला तसं सगळं गेलं, २५ व्या वर्षी नशेनं मेला. बडी रिचला दीड वर्षाचा असताना आईबापांनी स्टेजवर बसवलं. तो टिकला, पण स्वभावानं असा तिखट झाला की त्याच्या बँडमधली पोरं चोरून त्याच्या शिव्या टेप करायची. स्टीव्ही वंडर १९६३ ला १३ वर्षांचा असताना एक नंबर, आणि तो मात्र वाढत गेला, 'सुपरस्टिशन'चे ड्रम त्यानं स्वतः वाजवलेत हे किती जणांना माहितीये? फरक मला असा दिसतो की स्टीव्हीच्या हातात गळ्याशिवाय चार वाद्यं होती. आवाज फुटला तरी हात होते.

वरोऱ्याची_लेक

आणि नाझिया हसन! १९८० ला 'आप जैसा कोई' गायली तेव्हा १५ वर्षांची. आमच्या वर्गात सगळ्यांच्या वहीत तिचा फोटो. ३५ व्या वर्षी कॅन्सरनं गेली बिचारी. तिनं मात्र शिक्षण सोडलं नाही, कायद्याची पदवी घेतली. २००८-०९ ला लिटिल चॅम्प्सच्या वेळी आमच्या शाळेतल्या प्रत्येक आईला वाटायचं आपली पोरगी आता टीव्हीवर. मी तेव्हा गायन शिकवत होते, सातवीतली पोरगी विचारते, बाई रियाज किती दिवस करायचा म्हणजे एसेमेस येतील?

रेडिओ_काका_वाशीम

एसेमेस! हाहा. ताई, रियाजाचे दिवस आणि एसेमेसचे पैसे, दोन्ही घरच्यांचेच.

नवा_पॅड

नमस्कार. तो पोरगा म्हणजे मीच. भाऊनं मले विलन केलं म्हणून आयडी काढली.

मी असं बोललोच नाई का रिंगोले वाजवता येत नोयतं. मी असं म्हटलं का पीट बेस्ट जर राहिला असता तरी बीटल्स फेमस झाले असते, गाणे तं लेनन अन् मॅकार्टनीचेच होते. पीट बेस्ट दोन वर्ष त्याईच्या संग हॅम्बर्गले रात्र रात्र वाजवला, दिसाले चांगला, पोरी त्याच्यासाठी येत, अन् रेकॉर्डिंगचा टाइम आला तं १६ ऑगस्ट १९६२ ले मॅनेजरनं ऑफिसात बोलावून सांगतलं का उद्यापासून येऊ नको. बाकीच्या तिघाईनं तोंडबी नाई दाखवलं. लोकाईनं 'पीट पायजे, रिंगो नाई' म्हणून गोंधय केला, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचा डोया सुजवला. मंग हे नशीब नाई तं काय? एक मानूस सरकारी नोकरीत गेला अन् एकाले 'सर' पदवी भेटली. भाऊ म्हनते गाण्यातून ड्रम काढून पाहा. मी म्हनतो ड्रमर बदलून पाहा, पब्लिकले समजन का?

अन् मी पार्टीत नवा हाय म्हणून मले नशीबवान म्हनत असान तं मी तीन वर्ष साध्या बादल्याईवर वाजवलं हाय, विचारा गावात.

पुसदकर_पुण्यात

@नवा_पॅड स्वागत, मस्त लिहिलंस. ड्रमर बदलून पाहायची सोय आहे, म्हणून सांगतो. जून १९६२ ला पीट बेस्टनं वाजवलेलं 'लव्ह मी डू' १९९५ च्या 'अँथॉलॉजी १' मध्ये आहे. ते आणि रिंगोचं, पाठोपाठ ऐक. मधल्या भागात पीट ठेका बदलतो आणि लय पळते, परत कडव्यावर येताना गडबड होते. तिन्ही 'लव्ह मी डू' मिळतात, पीटचं, रिंगोचं, अँडी व्हाइटचं. एकच गाणं, तीन ड्रमर, साधारण तीन महिन्यांत. तूच ठरव. आणि पीटला त्या 'अँथॉलॉजी'चे पैसे चांगले मिळाले हे ऐकून बरं वाटेल तुला.

नवा_पॅड

ऐकले तिन्ही. पीटचं पळते, हे खरं. पन १० वर्ष भेटले असते तं त्याचंबी बसलं असतं. मी नाई सोडत मुद्दा. अन् व्हाइटचं रिंगोपेक्षा साफ वाटते मले.

कडक_मेटल_अकोट

शाब्बास पोरा.

पॅडवाला_दारव्हा

साफ तं असनच, त्याले दिवसाची मजुरी साफ वाजवाचीच भेटली. मंग बीटल्सनं त्याले कावून नाई ठेवून घेतलं?

नवा_पॅड

भाऊ एक विचारू का. मानोऱ्यावाल्या सरनं ते फंकी ड्रमरचं लिहिलं ते वाचून डोक्यात आलं. आपल्या पॅडमधी जे टोन हायेत, डफड्याचा, ताशाचा, संबळचा, ते आपन पेनड्राइव्हनं दुसऱ्या पार्टीकडून घेतले, त्याईनं नागपूरवरून घेतले. ते आधी वाजवले कोणं? कोणीतरी बसून एक एक ठोका मारला असनच ना.

मानोऱ्याचा_ताशा

तो डफड्याचा टोन इथं टाकता येईल का? मला ऐकायचा आहे.

नवा_पॅड

फाइल जड हाय सर, व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर टाकतो. त्यात दोन टोन हायेत, एक शेकलेल्याचा वाटते अन् एक ढिल्याचा. ढिलावाला आम्ही वापरतच नाई.

मानोऱ्याचा_ताशा

दोन्ही टाक.